शोधयंत्राची मर्जी

महाजालावरील मराठी लेखनाचा दर्जा घसरत चालल्याची तक्रार आपल्या बैठकांतून नित्य ऐकू येते. तिचे खापर कधी नव्या पिढीवर फुटते, कधी शाळांवर, तर कधी इंग्रजी माध्यमावर. या कारणांत तथ्य असेलही. परंतु ती छापील मराठीलाही तितकीच लागू आहेत, आणि छापील मराठीचे दोष निराळे आहेत. महाजालावरील मराठीला जडलेला विकार स्वतंत्र आहे, तेव्हा त्याचे निदानही स्वतंत्रपणेच करावे लागेल. माझ्या मते ते निदान असे : हे लेखन वाचकाला उद्देशून केलेले नसते; ते शोधयंत्राला उद्देशून केलेले असते. वाचक त्यात निमित्तमात्र. हे विधान कठोर आहे, म्हणूनच ते पुराव्यानिशी मांडले पाहिजे.

एखादा परिचित विषय घेऊन पाहावे. अहिल्याबाई होळकर हे नाव शोधावे आणि जाहिरातींच्या उत्पन्नावर चालणारी चार-पाच मराठी पाने सलग वाचावीत. शीर्षकात बाईंचे नाव, त्यापुढे ‘माहिती मराठी’ हे दोन शब्द, आणि पुष्कळदा त्यालाच जोडून रोमन लिपीत ‘इन्फर्मेशन इन मराठी’. आपण वाचतो आहोत तो मजकूर मराठीत आहे, हे इंग्रजीत सांगण्याची गरज कोणत्या वाचकाला असते? कोणालाच नसते. पण शोधणारी कित्येक माणसे रोमन कळफलकावर तेच शब्द टाइप करतात, आणि ते शब्द पानावर असले म्हणजे यंत्र आपले पान वर आणील, अशी लेखकाची अटकळ असते. मग ‘नमस्कार मित्रांनो, आजच्या लेखात आपण अहिल्याबाई होळकर यांची माहिती पाहणार आहोत’ हे वाक्य. पुढच्या वाक्यात पुन्हा पूर्ण नाव, त्याच्या पुढच्या वाक्यात पुन्हा. शेवटी ‘वारंवार विचारले जाणारे प्रश्न’ या मथळ्याखाली बाईंचा जन्म कोठे झाला, हा वर एकदा सांगून झालेला तपशील प्रश्नोत्तररूपाने परत. पारसनिसांनी छापलेल्या महेश्वर दरबाराच्या बातमीपत्रांचा, बाईंच्या पत्रव्यवहाराचा किंवा त्यांच्या कारभाराच्या कागदपत्रांचा उल्लेख अशा पानावर शोधूनही सापडणे कठीण. सांगण्यासारखे काही हाताशी नसताना विषयाचे नाव मात्र पंचवीस वेळा घेतले जाते. त्याला निबंध म्हणायचे की नामजप?

नावाची ही पुनरुक्ती मराठीला विशेष जाचते. आपल्या भाषेत क्रियापद बहुधा कर्त्याचे किंवा कर्माचे लिंग, वचन आणि पुरुष अंगावर वागवते, आणि कर्ता संदर्भावरून कळतो. ‘महेश्वरला राजधानी नेली’ एवढे म्हटले की मागील वाक्यातली व्यक्ती आपोआप पुढे चालत येते. आदराची ‘त्यांनी’, ‘त्यांच्या’ ही सर्वनामे हाताशी आहेत. कित्येकदा कर्ता गाळणे हेच उत्तम मराठी असते. शोधयंत्रासाठी लिहिणारा मात्र कर्ता गाळायला भितो, सर्वनाम वापरायला कचरतो. कारण यंत्राने मोजावयाचा शब्द त्यामुळे एकाने कमी होईल, असे त्याला वाटते.

त्याहून गंभीर हानी सामान्यरूपाची होत आहे. ‘पुण्यात’ हा शब्द आता ‘पुणे मध्ये’ असा लिहिला जातो. ‘बडोद्याचा इतिहास’ हा ‘बडोदा चा इतिहास’ होतो. याला केवळ अज्ञान म्हणून सोडून देता येणार नाही. ज्या शब्दाने शोध घेतला जातो तो शब्द पानावर जसाच्या तसा, न मोडता असला पाहिजे, हे तंत्र इंग्रजीत जन्मले. इंग्रजीत नामाला विभक्तीचे विकार जवळजवळ नाहीत, त्यामुळे तेथे त्याने फारसे बिघडले नाही. मराठीत नाम विभक्तीप्रत्ययापूर्वी बहुधा आपले रूप बदलते. तोच भाषेचा कणा आहे. त्या कण्यावर इंग्रजीसाठी शिवलेला अंगरखा चढवण्याचा हा खटाटोप आहे. आजची यंत्रे शब्दरूपे बऱ्याच अंशी ओळखतात, म्हणजे हा बळी देण्याचे कारणही उरलेले नाही. तरी सवय राहिली, आणि जे डोळ्यांसमोर सतत येते तेच शुद्ध, असे नव्या वाचकाला वाटू लागले.

हे सारे कोठून आले, ते थोडक्यात पाहू. १९९० च्या दशकातील शोधयंत्रे प्रामुख्याने पानावरचे शब्द मोजत. म्हणून चलाख मंडळी पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत तेच तेच शब्द लपवून ठेवीत. १९९८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज व सर्गेई ब्रिन यांनी यावर एक खरोखर उत्तम तोड काढली. एका पानाने दुसऱ्या पानाकडे दिलेला दुवा म्हणजे त्या पानाची शिफारस, आणि शिफारस करणाऱ्याची स्वतःची प्रतिष्ठा जितकी मोठी तितके त्या शिफारशीचे वजन अधिक, असे ते तत्त्व होते. विद्वत्तेच्या क्षेत्रात संदर्भांना जे मोल असते, तेच यात गृहीत धरले होते. जाहिरातींवर जगणारे शोधयंत्र स्वभावतःच जाहिरातदारांकडे झुकेल आणि शोधणाऱ्यांच्या गरजेपासून दूर जाईल, असा इशाराही त्याच जोडीने आपल्या १९९८ च्या निबंधात दिला होता. २००० मध्ये त्यांच्याच कंपनीने शोधशब्दांवर जाहिराती विकावयास आरंभ केला आणि २००३ पासून कोणाच्याही पानावर त्या जाहिराती लावण्याची सोय करून दिली. त्या दिवसापासून मजकूर ही जाहिरातीसाठी तयार करावयाची जागा झाली. पुरणपोळीच्या कृतीआधी होळीच्या महात्म्याचे सहा परिच्छेद का येतात, याचे एक रोकडे उत्तर येथे सापडते : पान जितके लांब, तितक्या जाहिराती मावतात.

पुढे शिफारशीही विकत मिळू लागल्या. २००६ मध्ये बीएमडब्ल्यूसारख्या मातबर कंपनीचे जर्मन संकेतस्थळ यंत्राला एक पान आणि वाचकाला दुसरे दाखवल्यामुळे गूगलला आपल्या यादीतून काही काळ काढावे लागले. अमेरिकेत डिमांड मीडिया नावाच्या कंपनीने लोक काय शोधतात आणि त्यावर कोणती जाहिरात खपते याचा हिशेब यंत्राकडून करवून घेतला, त्यावरून मथळे ठरवले, आणि ते मथळे काही डॉलरांच्या मोबदल्यात लेखकांकडून भरून घेतले. जानेवारी २०११ मध्ये या कंपनीचे समभाग बाजारात आले. पुढच्याच महिन्यात गूगलला अशा उथळ मजकुराविरुद्ध आपले नियम बदलावे लागले. त्यानंतर २०२२ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये नियम बदलले. दर वेळी जुनी युक्ती बाद होते आणि नवी जन्माला येते.

यात नवल नाही. एखादे माप हेच साध्य ठरले की ते चांगले माप राहत नाही, या अर्थाचे तत्त्व चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखले जाते. त्याचा मूळ विचार १९७५ चा. आपल्याला त्यासाठी अर्थशास्त्रात शिरण्याची गरज नाही. ‘अपेक्षित प्रश्नसंच’ आणि ‘गाइड’ पाठ करून मिळवलेले गुण आपण दोन-तीन पिढ्या पाहत आलो आहोत. परीक्षेच्या बाबतीत आपण निदान गुण आणि विद्या यांत फरक करतो. यादीतील पहिला क्रमांक आणि गुणवत्ता यांत फरक करणे मात्र आपण सोडून दिले आहे.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो : यंत्र लोकांना जे हवे तेच देते, लोकांना उथळ मजकूर आवडतो, त्याला यंत्र काय करणार? हा आक्षेप ऐकायला व्यवहारी वाटतो, पण टिकत नाही. जर्मनीतील लाइपझिग व वायमार येथील संशोधकांनी वस्तूंच्या परीक्षणांसंबंधीचे ७,३९२ शोध वर्षभर तीन यंत्रांवर तपासून २०२४ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. वरच्या क्रमांकावर येणारी पाने सरासरीने यंत्रासाठी अधिक सजवलेली, विक्रीच्या दलालीवर अधिक विसंबलेली आणि मजकुराच्या दृष्टीने अधिक हलकी असल्याचे त्यांना आढळले. नियम कडक केल्यावर पडलेला फरकही तात्पुरता ठरला. हा अभ्यास इंग्रजी पानांचा होता. इंग्रजीत हलक्या पानांशी स्पर्धा करायला चांगली पाने तरी विपुल आहेत. मराठीत एखाद्या विषयावर खुला, टाइप केलेला मजकूर मुळातच थोडा. तेथे पहिले पान बळकावण्यास किती श्रम पडणार? शिवाय ‘लोकांची निवड’ हा शब्दही जपून वापरला पाहिजे. शोधाच्या क्षेत्रातील मक्तेदारी गूगलने बेकायदा मार्गांनी टिकवली, असा निर्णय अमेरिकेतील संघीय न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये दिला. आपलेच यंत्र भ्रमणध्वनीवर आणि न्याहाळकांत आधीपासून बसवलेले असावे म्हणून एकट्या २०२१ या वर्षात २,६०० कोटी डॉलरांहून अधिक रक्कम कंपनीने इतर कंपन्यांना दिल्याचे त्या खटल्यात उघड झाले. निवड जर खरोखर मोकळी असती, तर तिच्यासाठी एवढी रक्कम कोण मोजील?

आपली कुटुंबे गायकवाड, होळकर, शिंदे यांच्या राज्यांतून वाढली. मर्जी म्हणजे काय, ते आपल्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. दरबारी लेखन हा शब्द आपण निंदेने वापरतो, आणि आश्रयदात्याच्या स्तुतीने भरलेले गद्य-पद्य आपल्या दप्तरांत पुष्कळ आहे. तथापि राजाश्रयात निदान राजा वाचत तरी असे, किंवा वाचून घेत असे. त्याला रुची होती. ती चांगली असे, वाईट असे, पण तिला उत्तर देता येई. नव्या धन्याला रुची नाही आणि त्याच्या मर्जीचे नियमही गुप्त आहेत. त्यामुळे हल्लीचा लेखक एका न वाचणाऱ्या धन्याची अंदाजाने खुशामत करीत बसला आहे.

याच इतिहासात दुसरे उदाहरणही आहे. तिसऱ्या सयाजीरावांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालास बडोद्यास आणून ग्रंथालयांचे जाळे उभारले. मध्यवर्ती ग्रंथालय झाले, खेड्यापाड्यांत फिरत्या ग्रंथपेट्या गेल्या, सूचिपत्रे तयार झाली. सयाजी साहित्यमालेने मराठी आणि गुजराती पुस्तके काढली. सूचिपत्र हेदेखील शोधाचेच साधन होते. फरक इतकाच की, सूचीत आपला क्रमांक वर लागावा म्हणून कोणी पुस्तकाची भाषा बदलत नसे, आणि सूचिकार लेखकाला जाहिरातीची जागा विकत नसे. शोध आणि विक्री एकाच हातात आल्याने काय होते, याची तुलना बडोदेकरांनी घरबसल्या करावी.

आता आपल्या प्रत्यक्ष हानीकडे वळतो. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, बेळगाव ही नावे आपण घरात उच्चारतो. त्यांची मराठी रूपे शे-दोनशे वर्षे पत्रांतून, बखरींतून, नियतकालिकांतून चालत आली आहेत. नव्या लेखनात त्यांची जागा ‘इंदौर’, ‘ग्वालियर’, ‘वडोदरा’ घेत आहेत, आणि १ नोव्हेंबर २०१४ रोजी सरकारी नाव बदलल्यापासून ‘बेळगावी’ हे रूपही मराठी मजकुरात शिरत आहे. कारण विचारले की सरळ उत्तर मिळते : लोक असेच शोधतात. सरकारी कागदावर सरकारी नाव असावे, याबद्दल तक्रार नाही. परंतु मराठी लेखाने मराठी रूप टाकायचे ते कोणाच्या आज्ञेने? एखादे सरकार भाषेवर सक्ती करते तेव्हा आपण सभा घेतो, निवेदने देतो. बेळगावकरांनी तर यासाठी आयुष्ये वेचली. येथे आज्ञा कोणीच केलेली नाही, तरी आपण आधीच मान तुकवली आहे. ज्या दिवशी ‘ग्वाल्हेरीस’ हा शब्द आपल्या नातवंडांना छपाईची चूक वाटेल, त्या दिवशी जुना पत्रव्यवहार त्यांना वाचून दाखवायलाही दुभाषा लागेल.

दुसरी बाजू न्यायाने मांडली पाहिजे. शोधयंत्राने आपल्यासारख्या विखुरलेल्या कुटुंबांवर उपकार केले आहेत. मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतात. मराठी विश्वकोश महाजालावर आहे. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर स्वयंसेवक विनामूल्य राबत आले आहेत. हैदराबादेतल्या किंवा जबलपुरातल्या घरी हे पूर्वी कोठून येणार होते? स्पष्ट शीर्षक, विषयाचे नेमके नाव, मजकुराचे नीट भाग पाडणे, या गोष्टींनी यंत्राची सोय होते तशी वाचकाचीही होते. त्यांचा अव्हेर करण्याचे कारण नाही. कोडी घालणारी शीर्षके देऊन लेख दडवून ठेवणे हाही वाचकाचा अवमानच आहे. माझा विरोध सापडण्याला नाही. सापडण्यासाठी सांगण्याचा त्याग करण्याला आहे.

आणि हा त्याग आता व्यर्थही ठरू लागला आहे. २०२४ च्या मे महिन्यात अमेरिकेत आणि ऑगस्टमध्ये भारतात इंग्रजी व हिंदीतून गूगलने यादीच्या माथ्यावर कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेली उत्तरे देण्यास प्रारंभ केला. उत्तर तेथेच मिळाले की पान उघडण्याचे प्रयोजन उरत नाही. ज्या पाहुण्यासाठी आपल्या वाक्यांची मोडतोड केली, तो पाहुणा आता दारातूनच परत जाणार. अशी उत्तरे रचणारी यंत्रे महाजालावरील मजकुरावरच शिकतात. उद्या यंत्र मराठी बोलेल तेव्हा ते कोणती मराठी बोलेल, हे आज आपण कोणती मराठी खुल्यावर ठेवतो यावर अवलंबून आहे. ‘माहिती मराठी’ छापाची पाने खुली आहेत. आपली नियतकालिके कपाटात आहेत.

दोष आपलाही आहे, तो येथेच. आपल्या संस्थांनी जे काही महाजालावर चढवले आहे, ते बहुधा जुन्या, युनिकोडपूर्व टंकांतील किंवा पानांची नुसती छायाचित्रे काढून ठेवलेले. असा मजकूर यंत्राच्या दृष्टीने बव्हंशी मुका. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा गावोगावी सत्कार झाले. त्या सत्कारांच्या खर्चात एका संस्थेचे दहा वर्षांचे अंक युनिकोडमध्ये टाइप करून, तपासून, लेखकाच्या नावासह आणि वर्षासह खुले करता आले नसते काय? चांगले लेखन शोधात सापडत नाही, असे रडगाणे गाण्याचा हक्क ते शोधता येईल अशा रूपात ठेवल्यावरच प्राप्त होतो.

यास्तव प्रत्येक संस्थेपुढे तीन गोष्टी ठेवतो. आपल्या नावाने प्रसिद्ध होणाऱ्या मजकुरात मराठी नावे, मराठी सामान्यरूपे आणि मराठी सर्वनामे यांबाबत यंत्राच्या सोयीसाठी कोणतीही सवलत देऊ नये; पर्यायी नाव आवश्यकच वाटले तर ते एकदा द्यावे आणि पुढे चालावे. जुने अंक वाचता आणि शोधता येतील अशा रूपात खुले करावेत. एका वर्षात एक वर्षाचा संच झाला तरी चालेल. आणि तिसरी गोष्ट, जिला पैसाही लागत नाही : आपल्या संकेतस्थळांवर चांगल्या मराठी पानांचे दुवे द्यावेत. आज तेथे अध्यक्षांची छायाचित्रे असतात, स्नेहसंमेलनाची निमंत्रणे असतात; इंदूरच्या संस्थेने बडोद्याच्या लेखाकडे, गोव्याच्या संस्थेने बेळगावच्या अंकाकडे बोट दाखवलेले क्वचितच आढळते. शोधयंत्राचा मूळ पाया शिफारस हा होता, आणि नियम कितीही बदलले तरी दुव्याचे मोल सर्वस्वी गेलेले नाही. चांगले काय आहे ते चार लोकांना सांगणे, हे साहित्यसंस्थांचे सर्वांत जुने काम. ते आपण सोडले, आणि ती मोकळी जागा विक्रेत्यांनी भरली. आपल्या चांगल्या लेखनाची शिफारस आपण स्वतः करणार नसू, तर ती एखाद्या यंत्राने का करावी?